पॅन करताना चित्र फरपटतं? आधी दोष ओळखा, मग शटरला हात लावा

कॅमेरा आडवा फिरवला, म्हणजे पॅन केला, की चित्र पुसट होतं, ही व्हिडिओ करणाऱ्यांची जुनी तक्रार आहे आणि तिच्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: शटर वाढव. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. शटर (म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते; वाढवणं म्हणजे तो वेळ कमी करणं) १/५० सेकंदावरून १/५०० वर नेलं की प्रत्येक फ्रेम लख्ख होते खरी, पण तोच पॅन पडद्यावर चालवून बघितला की चित्र ठेचकाळत पुढे सरकतं. मग माणूस शटर पुन्हा खाली आणतो, पुन्हा ब्लर दिसतो आणि शेवटी सगळं खापर लेन्सवर फोडून नव्या कॅमेऱ्याच्या किमती बघायला लागतो.

माझ्या मते या कामात शटरचा नंबर बराच मागे लागतो. आधी दोष नेमका कोणता ते ओळखायचं, मग पॅनचा वेग ठरवायचा, मग फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) आणि त्यानंतर शटर. पुढचा क्रम तोच ठेवला आहे. उदाहरणं घेतली आहेत ती किल्ल्यावरून दिसणाऱ्या डोंगररांगेची, लग्नाच्या हॉलची आणि वारीतल्या रिंगणाची. तिन्ही ठिकाणी पॅन लागतोच आणि तिन्ही ठिकाणी तो वेगळ्या कारणाने बिघडतो.

पहिली पायरी: क्लिप थांबवा आणि एकेक फ्रेम बघा

बिघडलेली क्लिप एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, चित्र १०० टक्के आकारात करा आणि बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम पुढे सरका. फोनच्या छोट्या स्क्रीनवर हे करू नका, तिथे सगळंच छान दिसतं. आता काय दिसतंय?

थांबवलेल्या फ्रेममध्ये सगळ्या वस्तू पॅनच्या दिशेने ताणल्यासारख्या दिसत असतील, तर तो खरा मोशन ब्लर. शटर उघडं असताना कॅमेरा फिरला आणि प्रत्येक बिंदूची रेघ झाली. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

थांबवलेली फ्रेम स्वच्छ आहे, पण चालवल्यावर चित्र धडधडतं? मग तुमच्याकडे ब्लर नाहीच, उलट तो कमी पडला आहे. याला आपले कॅमेरामन ‘स्ट्रोब होतंय’ किंवा ‘जर्क मारतोय’ म्हणतात. इथे शटर वाढवणं म्हणजे दुखणं वाढवणं.

पुसटपणा कधी वर, कधी खाली, कधी तिरका, असा दिशाहीन असेल तर हात हलला आहे किंवा स्टॅबिलायझेशन (हलणं सावरणारी यंत्रणा) पॅनशी भांडत आहे. एकाच वस्तूच्या दोन फिकट प्रतिमा दिसत असतील तर बहुधा टाइमलाइनचा आणि क्लिपचा फ्रेम रेट जुळत नाही. जुन्या हँडीकॅमच्या ५० आय फुटेजमध्ये फिरत्या कडांवर कंगव्यासारखे दाते दिसतात. ते इंटरलेसिंगचं (एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपण्याच्या पद्धतीचं) काम, त्याला डीइंटरलेस करावं लागतं. उभे खांब एका बाजूला कलले असतील तर रोलिंग शटर, त्याबद्दल पुढे. गवत, झाडं, गर्दी यांचे चौकोनी ठोकळे झाले असतील तर बिटरेट (सेकंदाला साठवली जाणारी माहिती) कमी पडला आहे.

एवढी तपासणी दोन मिनिटांत होते. ती न करता सेटिंग बदलत बसणाऱ्यांचे तास जातात.

थोडं गणित, कारण त्याशिवाय शटरचा खेळ कळत नाही

समजा ४के चित्र आहे, म्हणजे रुंदी ३८४० पिक्सेल. पॅन असा केला की एक झाड पडद्याच्या उजव्या कडेतून आत आलं आणि ३ सेकंदांत डाव्या कडेने बाहेर गेलं. म्हणजे ते सेकंदाला १२८० पिक्सेल सरकलं. २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन लागोपाठच्या फ्रेममध्ये त्याची जागा सुमारे ५१ पिक्सेलने बदलते.

शटर १/५० असेल तर त्या ५१ पैकी साधारण २६ पिक्सेलभर झाडाची रेघ उमटते आणि उरलेले २५ पिक्सेल रिकामे जातात. शटर १/२०० केलं तर रेघ ६ पिक्सेलची होते, पण रिकामी उडी ४५ पिक्सेलची. फ्रेम लख्ख, पण झाड एका जागेवरून दुसऱ्या जागेवर टुणकन जातं आणि डोळ्याला ते झटक्यासारखं जाणवतं. १/२५ वर रेघ पूर्ण ५१ पिक्सेलची, उडी शून्य: हालचाल लोण्यासारखी, पण चित्र गढूळ.

म्हणजे २५ फ्रेम कायम ठेवून तुम्ही फक्त रेघ आणि उडी यांची वाटणी बदलत असता. दोन्हींची बेरीज ५१ ची ५१ च राहते. ती बेरीज घटवण्याचे दोनच मार्ग: कॅमेरा सावकाश फिरवणं किंवा सेकंदाला जास्त फ्रेम घेणं. ५० फ्रेम आणि १/१०० शटर घेतलं तर त्याच पॅनमध्ये रेघ १३ पिक्सेलची आणि उडीही १३ ची. ब्लर निम्मा, झटकाही निम्मा. किंमत मोजावी लागते ती एक स्टॉप (म्हणजे निम्म्या) प्रकाशाची आणि मोठ्या फाइलची.

शटर अँगलच्या भाषेत बोलायचं तर १/५० ला २५ फ्रेम म्हणजे १८० अंश. सिनेमाच्या कॅमेऱ्यातल्या फिरत्या अर्धवर्तुळी शटरवरून ही मोजणी आली. ५० फ्रेमला १/१०० हेही १८० अंशच. तुमच्या कॅमेऱ्यात अंशात शटर लावायची सोय असेल तर ती वापरा. फ्रेम रेट बदलला की शटर आपोआप जुळतं, विसरायची भीती नाही.

दुसरी पायरी: वेग लेन्स बघून ठरवा

सिनेमाच्या छायाचित्रकारांमध्ये २४ फ्रेमसाठी एक ढोबळ नियम चालत आला आहे: पॅन करताना कोणतीही स्थिर वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला निदान ७ सेकंद लागले पाहिजेत. २५ फ्रेमलाही तो तसाच लागू पडतो. वरच्या उदाहरणात ३ ऐवजी ७ सेकंद घेतले तर १/५० वरची रेघ २६ वरून ११ पिक्सेलवर येते, शटरला हातही न लावता.

यात गोम अशी की नियम पडद्याच्या रुंदीचा आहे, अंशांचा नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ एमएम लेन्स आडवी सुमारे ७४ अंश बघते, ५० एमएम सुमारे ४० अंश आणि २०० एमएम जेमतेम १० अंश. त्यामुळे ९० अंशांचा पॅन २४ एमएमवर साडेआठ-नऊ सेकंदांत उरकतो, ५० एमएमवर त्याला सोळा सेकंद लागतात आणि २०० एमएमवर मिनिटभर. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून तोरण्यापासून सिंहगडापर्यंतची रांग टेलिफोटोवर एका दमात दाखवायचा मोह अनेकांना होतो. मिनिटभराचा पॅन कोणी बघत नाही आणि दहा सेकंदांत उरकला तर दोन्ही गड फरपटलेले दिसतात. तिथे वाइड लेन्स लावा, नाहीतर दोन स्थिर शॉट घेऊन कट मारा. कट मारायला कमीपणा वाटून घेऊ नये. निम्मे पॅन मुळात गरज नसताना केलेले असतात.

सरासरी वेगावर फसू नका. पॅनची सुरुवात आणि शेवट हळू असतो, म्हणून ७ सेकंदांच्या पॅनमध्ये मधले तीन-चार सेकंद कॅमेरा सरासरीपेक्षा बराच जोरात फिरतो आणि ब्लर नेमका तिथेच दिसतो. ५० एमएमवर ४० अंशांचा पॅन करायचा असेल तर नऊ-दहा सेकंद धरून चाला.

चौकटीत काय आहे यावरही वेग अवलंबून. धुक्यातली डोंगररांग थोडी भरभर फिरवली तरी खपते, कारण तिच्यात ठळक उभ्या कडा नाहीत. हॉलमधले खांब, खिडक्यांचे गज, विजेचे पोल, पांढऱ्या आकाशावर काळ्या दिसणाऱ्या पताकांच्या काठ्या: यांच्यावर झटका सर्वांत आधी दिसतो. अशा वस्तू कॅमेऱ्याजवळ असतील तर जागा बदला किंवा डायफ्रॅम (लेन्सचं छिद्र) उघडून त्या सौम्य करा. फोकसबाहेरच्या कडांवर डोळा अडत नाही.

तिसरी पायरी: फ्रेम रेट, मग शटर

शांत निसर्गदृश्य, मुलाखतीच्या आधीचा जागेचा परिचय, मंदिराचा गाभारा: इथे २५ फ्रेम, १/५० आणि संथ पॅन. याहून वेगळं काही करायची गरज नाही.

कबड्डी, कुस्ती, लेझीम, ढोलपथक, बैलगाडा शर्यत: इथे ५० फ्रेम आणि १/१००. खूप उजेड असेल आणि क्रीडाप्रकार वेगवान असेल तर ५० फ्रेमला १/२०० पर्यंत जायला हरकत नाही. ‘सिनेमॅटिक’ दिसण्यासाठी कबड्डीचं मैदान २५ फ्रेममध्ये घेण्याचा हट्ट मला कळत नाही. चढाई करणारा खेळाडू क्षणात दिशा बदलतो आणि त्याच्यामागे जाणारा पॅन २५ फ्रेममध्ये एकतर गढूळ होतो किंवा धडधडतो.

तिसरा मार्ग लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांना माहीत असतो: ५० फ्रेमला १/१०० वर घ्या आणि २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने चालवा. पाच सेकंदांचा पॅन दहा सेकंदांचा होतो, रेघ तेवढीच राहते आणि हाताची थरथरही निम्मी वाटते. अट एवढीच की त्या शॉटचा आवाज वापरायचा नसावा आणि चौकटीतली माणसं स्लो मोशनमध्ये चालली तरी विचित्र वाटू नये.

आता दिवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/५० आणि १/१०० ही दोन शटर त्यांच्याशी जुळतात. १/६०, १/१२५, १/२५० लावलं की चित्रात पट्टे फिरायला लागतात किंवा उजेड धपापतो, आणि पॅन करताना ते जास्तच खुपतं. म्हणून हॉलमध्ये ब्लर कमी करायला १/५० वरून थेट १/१०० वर जा, मधल्या आकड्यांवर थांबू नका. एलईडी वॉल आणि काही डिमरवर चालणारे दिवे वेगळ्याच ठेक्यात लुकलुकतात, आणि मांडवात जनरेटर सुरू झाला की ५० हर्ट्झची खात्री उरत नाही. तिथे कॅमेऱ्यात क्लिअर स्कॅन किंवा बारीक पायऱ्यांचं शटर असेल तर पट्टे थांबेपर्यंत आकडा हलवत राहायचं.

प्रकाशाचा हिशेब सोपा आहे. शटर १/५० वरून १/१०० वर नेलं की एक स्टॉप जातो, १/२०० वर नेलं की दोन. हॉलमध्ये हे दोन स्टॉप आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवून भरले तर कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन जोर लावतं आणि अनेक कॅमेऱ्यांत ते आधीच्या फ्रेमची मदत घेऊन दाणे पुसतं. पॅनमध्ये त्याचाच एक वेगळा पुसटपणा तयार होतो. नॉइज रिडक्शन ‘लो’ वर ठेवा. थोडे दाणे राहिले तर राहू द्या.

उन्हात प्रश्न उलटा होतो. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ला साधारण १/१०० शटर बसतं. एफ/४ आणि १/५० हवं असेल तर पाच स्टॉप प्रकाश अडवावा लागतो, म्हणजे एनडी ३२ (प्रकाश अडवणारा काळसर फिल्टर). एनडी नसेल आणि कॅमेरा ऑटोवर असेल तर तो शटर हजाराच्या पुढे नेतो आणि पॅन धडधडतो. दुपारी गडावर घेतलेल्या बहुतेक हौशी पॅनचं दुखणं हेच असतं, पण ‘ब्लर झाला’ म्हणूनच सांगितलं जातं.

चौथी पायरी: ट्रायपॉड, आणि त्याहून जास्त तुमचे पाय

ट्रायपॉडवर कॅमेरा चढवला की लेन्समधलं आणि बॉडीमधलं स्टॅबिलायझेशन बंद करा. पॅन सुरू झाला की त्या यंत्रणेला वाटतं कॅमेरा हलतोय. ती चित्र जागेवर धरू बघते, मग तिची हद्द संपते आणि चित्र एकदम सुटतं. पॅनच्या सुरुवातीला येणारा हिसका आणि पॅन थांबल्यावर चित्राने उलट दिशेला खाल्लेला छोटा हेलकावा, दोन्ही तिथले. हातात कॅमेरा असेल तर लेन्सवर मोड २ किंवा पॅनिंग मोड आहे का बघा. त्यात आडव्या फिरण्याला अटकाव होत नाही, फक्त वर-खाली सावरलं जातं.

ट्रायपॉडचं हेड फ्ल्युइडच हवं, म्हणजे आतल्या दाट द्रवामुळे अडखळल्याशिवाय फिरणारं. फोटोसाठीच्या बॉल हेडवर सरळ पॅन निघत नाही. आणि लेव्हलचा बबल मध्यावर आणल्याशिवाय सुरुवात करू नका, नाहीतर पॅनच्या शेवटी क्षितिज कललेलं असेल. ड्रॅग (फिरण्याला होणारा विरोध) इतका ठेवा की हँडलला थोडा जोर लावावा लागेल: वाइडला कमी, टेलिफोटोला जास्त. अगदी मोकळं हेड हाताचा प्रत्येक ठोका चित्रात उतरवतं.

स्वस्त हेड सुरुवातीला चिकटतं आणि मग एकदम सुटतं. त्यावर जुना तोडगा म्हणजे रबर बँड. हँडलच्या टोकाला रबर अडकवा, हँडल सोडून रबर ओढा. सुरुवातीचा आणि शेवटचा झटका रबरात जिरतो. लांब लेन्सवर याचा फायदा लगेच दिसतो.

पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो उभं राहण्याने. पॅन जिथे संपणार आहे तिकडे पावलं करून उभे राहा आणि कमरेतून वळून पॅनच्या सुरुवातीच्या जागेवर या. आता शरीर मोकळं होत होत शेवटाकडे जातं. लोक नेमकं उलटं करतात, सुरुवातीला ऐसपैस उभे राहतात, शेवटी पीळ बसतो आणि पॅनचा शेवट लटपटतो. कोपर अंगाला चिकटलेलं, श्वास हळूहळू सोडत, आणि हँडलऐवजी सगळं धड फिरतंय असं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसू नका. सुरुवातीची आणि शेवटची चौकट आधी ठरवा, एकदा रेकॉर्ड न करता फिरवून बघा, मनात आकडे मोजा. रेकॉर्ड केल्यावर आधी पाच सेकंद स्थिर, मग पॅन, मग पुन्हा पाच सेकंद स्थिर. ही स्थिर शेपटं एडिटिंगला जीव वाचवतात: पॅन बिघडला तरी दोन चांगले स्थिर शॉट हातात उरतात.

गिम्बलवर (मोटरने कॅमेरा सावरणाऱ्या हँडलवर) पॅन फॉलोचा वेग कमी करा आणि डेडबँड थोडा वाढवा, म्हणजे मनगटाच्या बारीक हालचाली मोटर मनावर घेणार नाही. सरळ पॅनसाठी जॉयस्टिकपेक्षा धड फिरवणं बरं. ड्रोनवर तेच काम यॉ-च्या (आडवं वळण्याच्या) सेटिंगमध्ये होतं. कारखान्यातून आलेला वेग व्हिडिओसाठी जवळजवळ नेहमीच जास्त असतो.

रिंगणातला घोडा, म्हणजे विषयामागे जाणारा पॅन

आत्तापर्यंतचा ७ सेकंदांचा हिशेब डोळ्याला धरून ठेवायला चौकटीत काहीच नसेल तेव्हाचा आहे. चौकटीत धावणारा विषय असेल आणि कॅमेरा त्याच्या वेगाने फिरत असेल तर सगळं बदलतं. विषय चौकटीत जवळपास स्थिर राहतो म्हणून स्वच्छ येतो, मागचं दृश्य फरपटतं, आणि प्रेक्षकाला ते खटकत नाही, उलट वेग जाणवतो. इथे पार्श्वभूमीचा ब्लर घालवायच्या मागे लागू नका.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचं सदाशिवनगरजवळच्या पुरंदावड्याचं गोल रिंगण किंवा तुकाराम महाराजांच्या पालखीचं इंदापूर, अकलूजचं रिंगण डोळ्यांसमोर आणा. आधी पताकावाले, तुळशीवृंदावन घेतलेल्या महिला, विणेकरी, मृदंगवाले धावून जातात आणि मग अश्व सुटतात: पुढे स्वाराचा, मागे माउलींचा. गर्दी इतकी की जागा बदलता येत नाही, आणि अश्व पुन्हा पळवा असं म्हणता येत नाही. तेव्हा तयारी आधीच.

वर्तुळाच्या भूमितीतली एक गोष्ट इथे कामी येते. परिघावरच्या बिंदूवरून दिसणारा कोन केंद्रावरच्या कोनाच्या निम्मा असतो, हे शाळेतलं प्रमेय. त्याचा अर्थ असा की तुम्ही अगदी रिंगणाच्या कडेला उभे असाल तर अश्वाच्या मागे कॅमेरा फिरवण्याचा वेग समोरच्या सगळ्या भागात एकसारखा राहतो, आणि मध्यभागी उभ्या असलेल्या कॅमेरामनच्या निम्मा. समजा त्रिज्या २५ मीटर आणि अश्वाचा वेग सेकंदाला ८ मीटर. मध्यावरून सेकंदाला सुमारे १८ अंश फिरावं लागेल, कडेवरून ९. लांब लेन्स लावायची असेल तर कडेची जागा बरी.

अडचण येते ती अश्व तुमच्यासमोर येतो तेव्हा. तुम्ही कडेपासून तीन मीटर मागे असाल तर समोरून जाताना त्याचा वेग सेकंदाला १५० अंशांच्या आसपास होतो. कोणतंही हेड आणि कोणताही हात तिथे स्वच्छ पॅन देणार नाही. म्हणून तो जवळ येऊ लागला की पॅन थांबवा, कॅमेरा स्थिर धरा आणि त्याला चौकटीतून निघून जाऊ द्या. टापांची धूळ, तिच्यावर झेपावणारे वारकरी, ती कपाळाला लावणारे हात: पुढचा शॉट आपोआप तिथे सापडतो. अश्व पलीकडच्या बाजूला गेला की पुन्हा त्याला पकडा.

सेटिंग: ५० फ्रेम, १/१००. आषाढातल्या ढगाळ उजेडातही हे सहज बसतं. टापा सुट्या सुट्या दिसायला हव्या असतील तर १/२००. अश्वाचं धड तुमच्या पॅनमुळे स्थिर असतं, पण पाय त्याहून वेगाने हलतात, त्यांना पॅन वाचवू शकत नाही. चौकटीत अश्वाच्या पुढे जागा ठेवा आणि तो चौकटीत पुढे-मागे सरकू देऊ नका, कारण विषय चौकटीत जितका सरकतो तितका तोही पुसटतो. फोकस अखंड ऑटोवर ठेवायचा तर क्षेत्र मध्यभागापुरतं आवळा, नाहीतर मध्ये येणारी प्रत्येक पताका फोकस पळवते.

फोनवर घेत असाल तर

फोनचा डायफ्रॅम बहुतेक ठिकाणी कायमचा उघडा, एफ/१.८ च्या आसपास. त्यामुळे उन्हात शटर १/४००० पर्यंत जातं आणि संध्याकाळी ते पार खाली येतं, तेही तुम्हाला न विचारता. उन्हात १/५० वर आणायचं तर क्लिपचा एनडी ६४ लागतो.

आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ इथे पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय सुरू केला की २५ फ्रेम मिळतात. तिथेच ऑटो एफपीएस बंद करा, नाहीतर अंधारात फोन फ्रेम रेट स्वतःच खाली आणतो. शटर हातात हवं असेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप घ्या. ते आयफोनवर २०२३ मध्ये आणि अँड्रॉइडवर २०२४ मध्ये आलं. अ‍ॅप नको असेल तर निदान पॅनच्या आधी स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा.

कमी उजेडात फोनचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन एक विचित्र दोष तयार करतं. सॉफ्टवेअर चौकट सावरतं, पण प्रत्येक फ्रेम घेताना झालेली थरथर त्या फ्रेममध्ये रुतलेलीच असते. परिणामी चित्र स्थिर दिसतं आणि त्यातल्या वस्तू ठोक्याठोक्याने पुसटतात. रोषणाई, दीपमाळ, घाटावरचे दिवे घेताना हे हमखास होतं. तिथे फोन ट्रायपॉडवर लावा आणि स्टॅबिलायझेशन बंद करा.

शटरने न सुटणाऱ्या दोन गोष्टी

रोलिंग शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि त्याला काही मिलिसेकंद लागतात. वाचायला २० मिलिसेकंद लागत असतील तर वरच्या ३ सेकंदांच्या पॅनमध्ये खांबाचं टोक आणि बुंधा यांत सुमारे २६ पिक्सेलचा फरक पडतो. शटर १/१००० केलं तरी खांब तेवढाच कलणार. उपाय पुन्हा वेग कमी करणं, किंवा सेन्सरचा क्रॉप मोड, जो बऱ्याच कॅमेऱ्यांत लवकर वाचला जातो. सोनीच्या ए९ ३ सारख्या ग्लोबल शटरच्या कॅमेऱ्यात हा दोष नाही, पण एवढ्यासाठी तो विकत घेण्याआधी ट्रायपॉड बदला.

दुसरं कॉम्प्रेशन. पॅनमध्ये सगळी चौकट एकदम बदलते, त्यामुळे कमी बिटरेटचा कोडेक (फाइल दाबून साठवणारी पद्धत) गुदमरतो. कॅमेऱ्यात मिळतो तो वरचा बिटरेट घ्या. ऑल-आय (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवण्याचा पर्याय) असेल आणि कार्ड तेवढं वेगवान असेल तर तो घ्या.

एडिटिंगमध्ये काय होऊ शकतं आणि काय नाही

फ्रेममध्ये उमटलेली रेघ पुसता येत नाही. शार्पन वाढवलं तर रेघेच्या कडा कडक होतात, बाकी काही नाही. याउलट जास्त शटरवर घेतलेल्या कोरड्या पॅनमध्ये नंतर ब्लर घालता येतो: रीलस्मार्ट मोशन ब्लर किंवा दाविंची रिझॉल्व्हच्या विकतच्या आवृत्तीतला मोशन ब्लर ठीकठाक काम करतो. म्हणून परत न मिळणाऱ्या प्रसंगात थोडं जास्त शटर ठेवणं शहाणपणाचं. हात हललेल्या पॅनवर वॉर्प स्टॅबिलायझर लावलात तर हलणं थांबेल, पुसटपणाचे ठोके राहतील.

टाइमलाइन २५ ची आणि क्लिप ३० ची असेल तर सॉफ्टवेअर फ्रेम गाळतं किंवा दोन फ्रेम मिसळतं. दुहेरी प्रतिमा तिथून येते. ड्रोनवर, फोनवर आणि कॅमेऱ्यावर शूटिंगच्या दिवशी सकाळीच एक फ्रेम रेट लावून घ्या.

काही ठिकाणी पॅन एडिटिंगमध्येच करणं सर्वांत स्वच्छ. ४के मध्ये स्थिर वाइड शॉट घ्या, एचडी टाइमलाइनवर टाका आणि चौकट एका कडेवरून दुसरीकडे सरकवा. कॅमेरा हललेलाच नसल्याने मोशन ब्लर नाही, रोलिंग शटर नाही. सरकायला १९२० पिक्सेल मिळतात, म्हणजे एचडीच्या एका चौकटीएवढे. सात-आठ सेकंद घ्या, सुरुवात-शेवट सौम्य करा. हॉलची सजावट, भित्तिचित्रं, दूरची डोंगररांग यांना हे चालतं. जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींसमोर सरकण्याची मजा मात्र यात नाही, आणि रिंगणाला तर हे अजिबात चालणार नाही.

शेवटी तयार फाइल कुठे बघताय तेही तपासा. २५ फ्रेमचा व्हिडिओ ६० हर्ट्झच्या लॅपटॉप स्क्रीनवर समान वाटला जात नाही, काही फ्रेम दोनदा तर काही तीनदा दिसतात, आणि निर्दोष पॅनही अडखळतो. तोच व्हिडिओ ५० हर्ट्झवर चालणाऱ्या टीव्हीवर लावून बघा, टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करून. यूट्यूबवर चढवताना एचडी काम असलं तरी ४के मध्ये एक्सपोर्ट करा. तिथे ४के फाइलला जास्त बिटरेट मिळतो आणि पॅन कमी विस्कटतो. ग्राहकाला नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.